निळं पडलेलं पाइन

गठ्ठ्याची पत्र्याची पट्टी कापून मिस्त्रींनी वरची फळी उचलली, उलटी केली. दुसरी उचलली. तिसरी उचलली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वाट लागली, ताई. सगळा माल निळा आहे."

मी जवळ जाऊन पाहिलं. पाइनचं लाकूड कसं असावं, तर साय धरलेल्या दुधासारखं, जरासं पिवळट. या फळ्यांवर कडेपासून आतपर्यंत राखाडी-निळे पट्टे गेले होते. कुणी शाईची दौत उपडी करून वरून फडकं फिरवावं तसे. मिस्त्रींनी रंधा मारून वरचा पापुद्रा काढला. खाली तोच निळा. अजून एक हात मारला, तरी तोच. डाग वर बसलेला नव्हता, लाकडात भिनलेला होता.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. आमचा म्हणजे बाबांचा. कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर बाबांनी तिथे लाकडी खोकी बनवायला सुरुवात केली. यंत्रांचे सुटे भाग, काचसामान, मासळी, जे काही परगावी जायचं त्याला खोकं लागायचंच. पुढे पुठ्ठा आला, प्लास्टिक आलं, खोकी कमी झाली, पण बाबांनी गाळा सोडला नाही. मग एका सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप निसटला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. बऱ्याच मेहनतीनंतर एकेक सुटा शब्द यायला लागला, तेवढाच.

माझा थोरला भाऊ मुलुंडला राहतो, चांगल्या नोकरीत आहे. गाळा भाड्याने द्यायचा, हे त्याने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच ठरवून टाकलं. मी तेव्हा मालाडच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते, लग्न मोडून घाटकोपरला आई-बाबांकडे परत आलेली. नवरा सोडून आलेली बहीण म्हणजे घरातली अशी वस्तू, जिच्याबद्दल तिच्यासमोरच बोलता येतं. "हिला काय कळतं लाकडातलं?" असं तो आईला म्हणाला तेव्हा मी तिथेच मेथी निवडत बसले होते. त्या महिन्यात मी नोकरी सोडली आणि गाळ्याचं शटर वर केलं. खरं सांगायचं तर दादा बरोबर होता, मला लाकडातलं काहीच कळत नव्हतं. पण बरोबर असलेल्या माणसाचं प्रत्येक वेळी ऐकलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

मिस्त्री बाबांच्या वेळचे. आमच्याच गावाकडचे, कमी बोलणारे. त्यांनी मला शिकवलं, मी शिकले. खोक्यांच्या जोडीला आम्ही पाइनची कपाटं, मांडण्या, अभ्यासाची टेबलं करायला लागलो. आणि मग मुलुंडच्या एका शाळेने वाचनालयासाठी मांडण्या सांगितल्या. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्याच कामाचा माल हा असा निळा.

लाकूडवाल्याला फोन केला. "पाइनमध्ये निळं येतंच, मॅडम," तो म्हणाला. "बंदरातून येतं तसं आम्ही देतो. परत घेत नाही."

"आता?" मी मिस्त्रींना विचारलं.

"दोन रस्ते. ब्लीच मारायचं, नाहीतर गडद पॉलिश. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"पण हे आहे काय?"

"बुरशी."

"म्हणजे लाकूड सडलंय?"

मिस्त्रींनी फळीवर बोटाची पेरं आपटली. "सडलं नाही. पण बुरशी ती बुरशी. तुमचे बाबा निळी फळी कायम खोक्याच्या तळाला घालायचे. वर दिसू द्यायचे नाहीत."

हे उत्तर मला काही केल्या पुरेना. लपवायचं असेल तर काय लपवतोय ते तरी कळायला हवं. माझ्या लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं. सगळे म्हणत होते, बोलू नको, आणि नेमकं काय बोलू नको ते कुणी सांगत नव्हतं. मी गठ्ठ्यातली अशी एक फळी शोधली जिच्या एका कडेला झाडाची साल अजून चिकटलेली होती. तिचा हातभर तुकडा कापून घेतला आणि रविवारी बोरिवली गाठली.

बोरिवलीला माझी कॉलेजातली मैत्रीण राहते. बारावीनंतर मी कॉमर्सला गेले, ती वनस्पतिशास्त्राला, आणि तिथून पुढे थेट बुरशीत. आता ती एका कॉलेजात शिकवते. तिच्या फ्रिजमध्ये खालचा एक कप्पा तिचा आहे; त्यातल्या काचेच्या बशांना घरातलं कुणी हात लावत नाही.

"बस, चहा टाकते," म्हणाली आणि तो तुकडा बघून चहाचं विसरली. खिडकीपाशी नेऊन तिने तो उजेडात फिरवला. "अगं, याला साल आहे! कुठे मिळाली तुला?"

"गठ्ठ्यात आली. त्या सालीचं सोड गं, निळ्याचं सांग."

"सालीचं सोडलं तर निळ्याचं कसं सांगू?"

तिने लोणी लावायची सुरी आणली आणि सालीच्या खाली हळूच सरकवली. साल खपलीसारखी सुटली. खाली लाकडावर नक्षी होती. मधोमध एक सरळ लांब चर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दाटीने फुटलेले बारीक चर. निघताना दोऱ्याएवढे, पुढे जाताना रुंद होत गेलेले. जेवून झाल्यावर सुरमईचा काटा ताटाच्या कडेला अख्खा ठेवावा, तसं दिसत होतं.

"ही आई," लांब चरावर बोट ठेवून ती म्हणाली. "सालीत राहणाऱ्या भुंगेऱ्याची मादी. तांदळाच्या दाण्याएवढी असते. साल पोखरून आत शिरते आणि सालीच्या खाली हा बोगदा कोरत जाते. कोरता कोरता दोन्ही बाजूंना अंडी घालते. हे बारीक बोगदे पोरांचे. अळी खात खात पुढे सरकते. ती जाड होते तसा बोगदा रुंद होतो."

"आणि निळं?"

"तेच तर. ती एकटी येत नाही. येताना बुरशी घेऊन येते. काही जातींच्या अंगावर त्यासाठी खास खाचा असतात, अगदी पिशवीसारख्या. त्यात बुरशीचे बीजाणू, म्हणजे बी समज. ती कोरत जाते, बी पडत जातं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम बिद्दाम तिला काय कळतं! पण त्याशिवाय पोरं जगत नाहीत. अगं, सालीची आतली बाजू म्हणजे काय? थोडी साखर आणि बाकी चोथा. आपण डाळ, मासे कशासाठी खातो? अंग धरावं म्हणून ना? ते सालीत नसल्यासारखंच. तू नुसत्या पेजेवर पोर वाढवशील का?"

"नाही."

"मग! बुरशीचे तंतू लाकडात खोल जातात. अळी तिथे पोचत नाही. त्या लाकडात नायट्रोजन असतं, पण इथे कणभर, तिथे कणभर. बुरशी ते गोळा करून सालीपर्यंत ओढून आणते. अळी साल खाते ती बुरशीसकट. म्हणजे पेजेबरोबर सुकट आली." ती स्वतःच हसली. "शिवाय किड्यांना वाढायला एक चरबीसारखा पदार्थ लागतो, तो त्यांच्या शरीरात बनतच नाही. तोही बुरशीच देते. नवा भुंगेरा उडायच्या आधी बोगद्यातली बुरशी चरतो, बीजाणू अंगावर घेतो आणि दुसरं झाड गाठतो."

"आणि बुरशीला काय मिळतं?"

"रिक्षा. दारात येऊन उभी राहणारी. एरवी सालीच्या आत तिला कोण नेणार?"

तिने ब्लेडने निळ्या भागाचा पातळ पापुद्रा काढून घरी ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला लावलं. लाकडाच्या पेशी लांबट खोल्यांसारख्या दिसत होत्या, आणि खोल्या-खोल्यांतून गडद तपकिरी दोरे गेले होते. निळं कुठेच नव्हतं. "तेच दोरे लाकडाच्या आतून आपल्याला बाहेरून निळे दिसतात," ती म्हणाली. "ही बुरशी लाकडाच्या भिंती खात नाही. आतलं साठवलेलं अन्न खाते. लाकूड सडवणाऱ्या बुरशा वेगळ्या. जोरात आदळली तर निळी फळी थोडी ठिसूळ निघेल, आणि पॉलिश जास्त पिईल. बाकी पुस्तकांचा भार पांढरीसारखाच घेईल."

"पसरेल?"

"भट्टीत तापवून आलेलं लाकूड आहे, ती कधीच मेली. पण ऐक, ओल आली तर कुठल्याही लाकडावर नवी बुरशी धरेल. पांढऱ्यावरही. उद्या मला शिव्या घालू नकोस. आणि भुंगेऱ्याबरोबर येणारी प्रत्येक बुरशी पोरांना खाऊ घालते असंही नाही. काही नुसत्याच येतात, काही अळ्यांना त्रासही देतात. तुझ्या फळीत नेमकी कोण होती ते मी असं बघून नाही सांगणार."

मग तिने चहा केला. चहा पिताना सांगितलं, की ती शिकत असताना हिमालयातल्या पाइनच्या जंगलात याच भुंगेऱ्यांसाठी राहिली होती. साल सोलायची, अळ्या मोजायच्या, हात डिंकाने चिकट झालेले. परत आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं: बुरशीवर आयुष्य काढणार? "सासूबाई ओळख करून देतात ना, तेव्हा सांगतात, सूनबाई कॉलेजात शिकवते. काय शिकवते ते कधी सांगत नाहीत," ती म्हणाली. "आधी राग यायचा. आता मीच पुढे होऊन सांगते, बुरशी शिकवते. मग समोरच्याच्या हातातलं सामोशाचं ताट जरा मागे सरकतं."

परत येताना पिशवीतला तो तुकडा मी मांडीवर घेऊन बसले होते. माझं ठरलं होतं. या फळ्यांना मी ब्लीच लावणार नव्हते.

"पागल झालात काय, ताई?" मिस्त्री म्हणाले. "शाळावाले दारात उभं करणार नाहीत."

"आधी आपण बघू. मग त्यांना दाखवू."

आम्ही एक निळी आणि एक पांढरी फळी, दोन्ही सारख्या लांबीच्या, विटांवर आडव्या टाकल्या आणि दोन्हींवर खिळ्यांची सारखी पोती चढवली. आठवडाभर तशाच ठेवल्या. मग मिस्त्रींनी दोरी ताणून वाक बघितला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. "सारख्याच वाकल्यात," शेवटी नाइलाजाने म्हणाले. "पण ताई, गिऱ्हाईक दोरी लावून बघत नाही. डोळ्यांनी बघतं."

मांडण्या तयार झाल्या. वर फक्त साधं, पारदर्शक पॉलिश. खरं सांगते, सुंदर दिसत होत्या. खाडीच्या पाण्यावर ढगांची सावली पडते तशी त्या फळ्यांवरून निळाई सरकत होती. माल पाठवून मग भांडण्यापेक्षा मी शाळेच्या सेक्रेटरींना फोन करून गाळ्यावरच बोलावलं.

सभ्य गृहस्थ होते. मांडणीभोवती फिरले, बोट फिरवलं, रुमालाला पुसलं. "हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. भुंगेरा, बुरशी, अळ्या, भट्टी, पोती. सालीखालची नक्षीही दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं खरं असेल. पण मुलांचा प्रश्न आहे. उद्या कुणी पालक म्हणाला, वाचनालयात बुरशी लागलेलं लाकूड बसवलंय, तर मी काय सांगू?"

"मी आत्ता सांगितलं तेच."

"एवढं ऐकायला कुणाला वेळ आहे?" त्यांनी रुमाल खिशात ठेवला. "असं करा, पांढरा ऑइलपेंट मारा. दोन हात. उद्याच गाडी पाठवतो."

मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं सिग्नल हिरवा झाल्यावर मागची रिक्षा बघते. फक्त हो म्हणायचं होतं.

"खाली काय आहे ते तुम्हाला माहीत, मला माहीत," मी म्हणाले. "मग रंग कुणासाठी?"

"पालकांसाठी."

"म्हणजे बुरशी असली तर चालेल, दिसली तर नाही."

"तुम्ही शब्दात पकडताय."

"नाही हो. दोष असता तर मी स्वतः माल बदलून दिला असता. दोष नाही, तर त्याने तोंड काळं केल्यासारखं मी त्याला पांढरं का करू?"

"मग आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत आले तर मिस्त्री पाठ करून रंध्याला धार लावत बसले होते. 

बातमी दादापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो आला तो एका माणसाला घेऊनच. त्या माणसाला घरपोच जेवण पाठवायचं स्वयंपाकघर काढायचं होतं. त्याने मला नमस्कारही न करता मोजपट्टी काढली, तिचं एक टोक मिस्त्रींच्या हातात दिलं आणि भिंत मोजायला लागला. मिस्त्री बिचारे टोक धरून उभे, सोडावं की धरावं कळेना. मी त्यांच्या हातातून ते टोक घेतलं आणि सोडून दिलं. पट्टी सर्रकन परत गेली.

"हे काय लावलंयस तू?" दादा ओरडला. "हातातलं काम घालवलंस! कशासाठी, तर किड्यांसाठी?"

"घालवलं ना? माझं मी घालवलं. पाहुण्यांना चहा पाजून आण, बाहेर चांगला मिळतो."

"गाळा बाबांचा आहे."

"मग बाबांना विचार."

संध्याकाळी घाटकोपरला तो खरंच विचारायला आला. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. दादाने सगळं सांगितलं. त्याच्या बाजूने सांगितलं, पण खोटं काही सांगितलं नाही. मी निळ्या फळीचा एक तुकडा बाबांच्या मांडीवर ठेवला. मला खात्री होती. अर्धं आयुष्य लाकडात काढलेला माणूस, हात लावताच त्याला कळेल, आणि तो माझी बाजू घेईल.

बाबांनी डाव्या हाताने तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ बघितलं. मग तोंड वाकडं करून, घाम फुटेपर्यंत जोर लावून म्हणाले, "रंग... मार."

दादाने हात पसरले. बघ, असं.

मला रडू आलं असतं, पण राग आधी आला. "नाही मारणार, बाबा."

"बापाशीक असा बोलतंस?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बोलते. चांगल्या लाकडाला मी लपवणार नाही."

बाबांनी तुकडा बाजूला ठेवला आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी गाळ्याचं काहीच ठरलं नाही. पण त्या घरात माझ्या बाजूने कुणीही नव्हतं, एवढं पक्कं झालं.

मांडण्या गाळ्यात उभ्या राहिल्या. येता-जाता खांदा लागायचा. खोक्यांच्या बारीकसारीक कामांवर आम्ही दिवस ढकलत होतो. अशात एक दिवस वर्सोव्याच्या एक बाई मासळीच्या खोक्यांची चौकशी करायला आल्या. कोळीवाड्यातल्या बायकांच्या मंडळाच्या त्या अध्यक्ष. त्यांचे सासरे बाबांकडून खोकी घ्यायचे. आल्या आल्या त्यांची नजर मांडण्यांवर गेली.

"कुणाच्या गं या?"

"कुणाच्याच नाहीत."

"एवढ्या चांगल्या, आणि कुणाच्याच नाहीत? आमच्या मंडळाच्या खोलीत पोरींसाठी अभ्यासिका काढतोय. पुस्तकं जमिनीवर पडलीत." त्यांनी मांडणीच्या पाठीवर थाप मारली, वाकून खालची फळी बघितली. "याला काय झालंय? माझ्या नवऱ्याच्या होडीला पाण्यातले किडे लागतात, तेव्हा लाकडातलं मला शिकवू नकोस. खरं सांग."

मी खरं सांगितलं. या वेळी कुणाला पटवायचं नव्हतं, म्हणून असेल, जरा बरं सांगितलं. त्या एका रिकाम्या खोक्यावर बसून ऐकत होत्या.

"म्हणजे बुरशी पोरांना भरवते."

"हो."

"आणि झाडाचं काय?"

हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता. मलाही तो बोरिवलीहून परतल्यावरच सुचला, तेव्हा मैत्रिणीला फोन करून विचारला होता. "झाड डिंक सोडतं," मी म्हणाले. "भुंगेऱ्याला डिंकात बुडवून बाहेर ढकलतं. थोडे आले तर झाड जिंकतं. झुंडीने आले आणि बुरशी आत पसरली, तर पाणी वर चढत नाही. मरतं."

"मरतं?"

"मरतं. डोंगरच्या डोंगर सुकतात."

"मग यात चांगलं काय?"

"चांगलं मी म्हटलंच नाही. असं असतं, एवढंच. फळी मजबूत आहे, हे मात्र मी तपासलंय."

त्या खदाखदा हसल्या. "तू विकायला बसलीस की गिऱ्हाईक पळवायला?" मग उठल्या, पदर खोचला. "एक दे मला. आत्ताच सगळ्या नाही. आमच्याकडे खाडीची हवा, भिंती घाम गाळतात. तुझ्या लाकडाला एक पावसाळा काढू दे आमच्यात. टिकलं तर बोलू."

मी एक निळी मांडणी दिली, आणि शेजारी ठेवायला एक कोऱ्या पांढऱ्या पाइनची. मिस्त्री टेम्पोत चढवताना पुटपुटले, "पांढरी कशाला?"

"दोरी लावायला," मी म्हणाले. पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

पावसाळा आला. मी रोज फोनची वाट बघायचे आणि रोज वाटायचं, नको यायला. ऐन पावसात, सगळीकडे शेवाळ धरलेलं असताना, फोन आला. "लवकर ये. बुरशी आली बघ."

मी मैत्रिणीला कॉलेजातूनच उचललं आणि दोघी वर्सोव्याला गेलो. मेट्रोत ती बोलत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. दादाचा चेहरा दिसत होता, सेक्रेटरींचा रुमाल दिसत होता. काय सांगणार होते मी सगळ्यांना?

खोलीत दोन्ही मांडण्या भिंतीला लागून उभ्या होत्या. बाईंनी त्या पुढे ओढल्या. मागच्या बाजूला हिरवट, कापसासारखी लव आली होती. निळ्या मांडणीवर आली होती. पांढऱ्या मांडणीवरही आली होती. मागच्या भिंतीवर तर नकाशे उठले होते, आणि खुंटीवर टांगलेल्या बाईंच्या चामड्याच्या पर्सवरही.

मैत्रीण गुडघ्यांवर बसून जवळून बघत होती. "ही ती नाहीच," ती म्हणाली. "ही ओलीची बुरशी. हवेतून आली, भिंत ओली म्हणून धरली. निळं होतं तिथेच आहे, पसरलेलं नाही. दोन्हीकडे सारखीच."

"ते मला पण दिसतं," बाई म्हणाल्या. "भिंतीला पण आली. भिंत काय पाइनची आहे?"

मी त्यांच्याकडे वळले. "मग फोनवर असं का सांगितलंत?"

"तोंड कसं होतं ते बघायचं होतं. एवढं सगळं बोलतेस, म्हटलं, घाबरतेस का ते बघू." त्यांनी फडकं घेऊन ती लव पुसून टाकली. दोन्ही फळ्या खाली जशाच्या तशा होत्या. "घाबरलीस. पण आलीस. भिंतीचं मी बघते, गळतंय वरून. बाकीच्या मांडण्या पाठव. भिंतीपासून वीतभर पुढे लावा."

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटत होती. मी दोन्ही केलं नाही. मैत्रीण पर्सवरची बुरशी कागदाच्या पुडीत भरून घेत होती.

मांडण्या लावायला मी आणि मिस्त्री गेलो तेव्हा बायका पायऱ्यांवर रांग करून उभ्या होत्या आणि हातोहात पुस्तकं वर देत होत्या. कुणी विचारलं की हे निळं काय, तर अध्यक्षबाई माझ्याआधी सांगायच्या, आणि सांगताना भुंगेरा तांदळाच्या दाण्याचा वाढत वाढत चिंचोक्याएवढा होत होता. मी एकदा दुरुस्त केलं. "गप गं," त्या म्हणाल्या. कुणी कुणी असंही म्हणालं, की वा, किती छान, निसर्गातलं सहकार्य! मी तेव्हा झाडाची आठवण करून द्यायचे. मला त्या भुंगेऱ्यातून कुणासाठी शिकवण काढायची नव्हती. फळी निळी का झाली हे नीट कळावं आणि कुणी तिच्यावर रंग फासू नये, एवढंच हवं होतं.

पुढे दोन-तीन कामं वर्सोव्याकडूनच आली. फार नाहीत. शाळेने पुन्हा कधी फोन केला नाही. दादा मात्र गणपतीच्या आधी परत आला, यावेळी माणसाला न आणता. बाबांसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बाबा, एकदाच सांगा. गाळा भाड्याने द्यायचा की हिला चालवू द्यायचा? तुम्ही म्हणाल ते. मी परत विचारणार नाही."

आई दारात उभी राहिली. मी या वेळी काही धरून बसले नव्हते. मागच्या वेळी खात्री बाळगून तोंडावर पडले होते.

बाबांनी आधी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. शब्द यायला वेळ लागतो, तो लागला. "चालव," ते म्हणाले. माझ्याकडे बघून.

मी उठायला गेले. तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला, म्हणजे अजून बोलायचं होतं.

"रंग... मार."

"नाही मारणार, बाबा."

त्यांच्या ओठाचा चांगला कोपरा हलला. आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं, म्हणून ते हसू होतं की लाळ, ते मला दिसलं नाही.

"दोघं सारखेच डोक्यावर पडलात," दादा म्हणाला आणि गाडीची चावी उचलली.

"जेवन जा," आई म्हणाली. "बांगड्याचा तिखला केलंय."

त्याने एकदा दाराकडे बघितलं. मग चावी टेबलावर ठेवून पाटावर बसला. मी त्याला वाढलं. भात त्याने दोनदा मागून घेतला.